पिवळी बोट सरळ जाते

रविवार, ५ ऑक्टोबर

कुसुमला काय झालंय, मला कळत नाही. गणपती बसून उठले तेव्हापासून दर रविवारी ही माझी बायको अंधारात उठते, धायरी फाट्यावरून कुणाच्या तरी जीपमध्ये बसून पानशेतच्या पलीकडे जंगलात जाते आणि संध्याकाळी उन्हाने नाक लाल करून परत येते. वय वर्षं बासष्ट. कुठे जातेस विचारलं तर म्हणते, "तळ्यावर." तळ्यावर काय आहे? "पाणी." हेच उत्तर मी दिलं असतं तर उद्धटपणा ठरला असता.

मी एकदाही बरोबर गेलो नव्हतो, कारण मला कुणी बोलावलं नव्हतं. "मी निघाले हं" हे काही आमंत्रण नव्हे. सख्ख्या भाच्याच्या मुलीच्या बारशाचं बोलावणं नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं म्हणून मी घरी बसलो होतो. कुसुम गेली, तिने बासुंदी खाल्ली, मी वरणभात खाल्ला. ते असो. परवा त्या तळ्यावर कॅम्प चालवणाऱ्या निशाचा स्वतःहून फोन आला, "काका, या रविवारी तुम्हीपण नक्की या." असं रीतसर बोलावल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. तिला माझा नंबर कुणी दिला कोण जाणे.

तर आज गेलो. जंगलात एकाखाली एक अशी तीन तळी आहेत. कुणी तरी पूर्वी ओढ्याला बांध घालून अडवलेली. वरचं भरलं की पाणी मधल्यात उतरतं, मधल्यातून खालच्यात. सगळीकडे जांभळाची आणि ऐनाची झाडं. तिथे निशाने तंबू, पायवाटा आणि अरुंद, लांबट बोटी ठेवल्या आहेत. त्यांना कयाक म्हणतात. आठवडाभर ऑफिसात थंड हवा खाणारी माणसं इथे येऊन घाम गाळतात आणि त्याला मजा म्हणतात. पुणेकरांचं काही खरं नाही.

एका कयाकमध्ये दोघं बसतात. "पुढे कोण?" निशाने विचारलं. हा काय प्रश्न झाला? आयुष्यभर स्कूटरवर कुसुम मागे बसत आली. मी पुढे बसलो. बोट पिवळी होती. वल्हं हातात घेतलं आणि काय सांगू, पहिल्या फटक्यात बोट सरळ सुटली! तळ्याच्या मध्यापर्यंत जराही वाकडी झाली नाही. हात आहे बुवा आपल्याला. कुसुम मागून मधूनच म्हणत होती, "जरा दमाने मारा. लय सोडू नका." स्कूटरवरही तिचं हेच चालतं. मी लक्ष दिलं नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज निशाने जोड्या बदलल्या. का, तर म्हणे सवय व्हावी. माझ्याबरोबर रावसाहेब आले. हे आमच्याच धायरीचे मूळचे गाववाले, मिशीवाले, आडदांड, आणि स्वतःच्या आडनावाची पाटी लावलेल्या इमारतींचे मालक. तेही नवखेच. त्यांनाही पुढेच बसायचं होतं, पण मी म्हटलं, मला अनुभव आहे. ते म्हणाले, "बरं मंग, म्या मागं निस्ता बसतो, तुमी हाणा. मला काय, हवा खायाची हाय." आणि खिशातून शेंगदाणे काढून बसले.

लाल बोट मिळाली होती. वल्हं तेच, हात तेच, पण बोट गोल गोल फिरायला लागली. डावीकडे मारलं तर उजवीकडे वळते, उजवीकडे मारलं तर भलतीकडेच. शेवटी आम्ही काठच्या पाणकणसात घुसलो. तिथून दोन टिबुकल्या ओरडत उडाल्या आणि रावसाहेब म्हणाले, "देवा, बैलबी इतका फिरत न्हाई घाण्याला."

बाहेर आल्यावर मी निशाला स्पष्ट सांगितलं, की लाल बोटीत दोष आहे, ती ओढते. पिवळी बोट उत्तम आहे, सरळ जाते, यापुढे मला पिवळीच द्या. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली आहेत, चूक कुठे आहे ते मला लगेच दिसतं. निशा कुसुमकडे बघायला लागली. कुसुम झाडावरच्या खंड्याकडे बघायला लागली. बायकांचं काही तरी चाललंय, आपल्याला काय करायचंय.

रविवार, १९ ऑक्टोबर

पिवळी बोट. कुसुम मागे. सुतासारखी सरळ गेली. म्हटलंच होतं!

आज काठावर बसून पोळीभाजी खाल्ली. कुसुमने पाय पाण्यात सोडले होते. ती लहानपणी नदीत पोहायची म्हणे. मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, कधी बोलली नाहीस? ती म्हणाली, "धायरीत कुठे बोलायचं पोहण्याबद्दल, बाथरूममध्ये?" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो. का कोण जाणे, घरी आल्यावरही बरं वाटत होतं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. आमची लेक सुरुची बंगळूरहून आली आहे. दुपारी चहाच्या वेळी कुसुमने बॉम्ब टाकला. निशाने तिला काम देऊ केलंय. सोमवार ते गुरुवार तळ्यावर मुलींच्या शाळांचे आणि बायकांचे गट येतात. त्यांना धीर द्यायला, पाण्यात उतरवायला कुणी तरी पोक्त बाई हवी. कुसुमने आयुष्यभर पाचवीच्या मुलींना गणित शिकवलं, तिला कुणाचीही भीती घालवता येते. एक डिसेंबरपासून सुरुवात. राहायचं तिथेच, कॅम्पवरच्या खोलीत. त्याआधी निशा तिची परीक्षा घेणार आहे.

मी कप खाली ठेवला. सुरुची माझ्याकडे बघत होती, कुसुम माझ्याकडे बघत होती. वाटलं, मन मोठं करण्याची हीच वेळ आहे. म्हणालो, "जा तू. माझी परवानगी आहे."

कुसुम म्हणाली, "परवानगी मी मागितली नव्हती." सुरुचीला चिवड्याचा ठसका लागला.

मग कुसुमने विचारलं, "तुम्ही काय करणार मग?" अगदी हळू आवाजात. ती माझ्या काळजीने विचारतेय हे मी ओळखलं. तिला मोकळ्या मनाने जाता यावं म्हणून म्हणालो, "मला काय धाड भरली आहे? मी मजेत राहीन. माझी अजिबात चिंता करू नकोस." तर तिने चकल्यांचा डबा आपटून बंद केला आणि आत निघून गेली. सुरुचीने कपाळावर हात मारला.

मी काय वाईट बोललो?

शनिवार, १ नोव्हेंबर

सुरुची परत गेली. घर शांत आहे. आज कुसुम मंडईत गेली होती आणि मी दोन तास नुसता बसून होतो. आठवड्यातले चार दिवस असंच असणार. मला ती हवी असते. ती बोलत नसली तरी आत भांडी वाजत असलेली हवी असतात. हे तिला सांगायचं कसं? उद्या ती माझ्यासाठी काम सोडेल आणि मग जन्मभर मला ऐकवेल. नकोच.

एकच आशा आहे. परीक्षेत तिला तिन्ही तळी पार करायची आहेत, बरोबर एखादा नवखा माणूस घेऊन. तो मीच, असं ठरलंय. म्हणजे तिची परीक्षा माझ्याच हातात आहे. मी मुद्दाम वाईट वल्हवणार नाही, मी तसला माणूस नाही. पण माझ्याशिवाय तिचं पाण्यात अडतं, हे निशाच्या लक्षात आलं तर बरं होईल. मग कदाचित मलाही बोलावतील.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

सकाळी वरच्या तळ्यातून निघालो. पिवळीच बोट, मी पुढे. निशा आणि रावसाहेब काठाकाठाने चालत होते. तळं संपलं की बोट उचलायची आणि बांधावरून पलीकडच्या तळ्यात सोडायची. मला धाप लागली, पण कुसुम म्हणाली, "टेका जरा, घाई नाही." बांधावर आम्ही एकाच बाटलीतून पाणी प्यायलो. मधलं तळं अगदी स्तब्ध होतं. पाण्यात झाडं उलटी दिसत होती आणि एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. मला फार सुख वाटलं. या वयात असं लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

खालचं तळं मोठं आहे. तिथे वारा सुटला. लाटा बोटीवर आपटायला लागल्या, पाणी माझ्या मांडीवर आलं आणि माझी पाचावर धारण बसली. वल्हं मांडीवर टाकून मी दोन्ही हातांनी बोटीच्या कडा धरल्या आणि डोळे मिटले. कुसुम मागून म्हणाली, "बसा तसेच. हलू नका फक्त." मी हललो नाही. थोड्या वेळाने बोट मऊ चिखलात टेकली. डोळे उघडले तर समोर किनारा, आणि निशा टाळ्या वाजवतेय.

मी वल्हवत नव्हतो, तरी बोट सरळ कशी आली? मला वाटलं प्रवाह असेल. तसं म्हणालोही.

निशा म्हणाली, "काकू, सुपर! घाबरलेला माणूस पुढे, समोरून वारा, आणि तुम्ही लाइन सोडली नाही. पास!" मी म्हटलं, लाइन मी धरली होती, शेवटचा भाग सोडून. ती गोंधळली. म्हणाली, "काका, डिरेक्शन मागचाच देतो ना. पुढचा फक्त जोर लावतो. तुम्हाला काकूंनी सांगितलं नाही?"

रावसाहेब मिशीवरून हात फिरवत झाडं बघायला लागले.



सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी विचारलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"पिवळ्या बोटीचं मी सगळ्यांना सांगत होतो तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग बोलली का नाहीस?"

ती भाजी निवडत होती. खाली बघूनच म्हणाली, "तुम्ही इतके खूश होतात. मला मोडवेना."

ही दया म्हणायची की थट्टा? माझं डोकं चालेना. राग आला असता तर बरं झालं असतं, तोही धड येत नाही. मनातून एकच गोष्ट जात नाही. काल भर वाऱ्यात मी ओझ्यासारखा बसून होतो आणि तिने एकटीने बोट आणली. तिला पुढे कुणी असलं काय नि नसलं काय. मग ती मला कशाला बोलावेल? आणि न बोलावता जाऊन मी तिथे काय करू, तिचा नवरा म्हणून खुर्चीत बसू?

नाही. बोलावलं नाही तर जायचं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आठवडाभर आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागतोय. चहा घेणार का, हो, आभारी आहे. लग्न झालं त्या वर्षीसुद्धा इतके सभ्य नव्हतो.

आज मी एक चांगलं काम केलं. माझ्या जेवणाच्या चिंतेने कुसुमचा पाय घरात अडकू नये म्हणून परस्पर डबा ठरवून टाकला. पलीकडच्या गल्लीत सोजरबाई डबे देतात, त्यांच्या हाताला चव आहे. सोमवार ते गुरुवार, दोन्ही वेळा. घरी येऊन मी तिला आनंदाने सांगितलं, "झालं! आता तू अगदी निर्धास्त जा. माझी सगळी सोय लागली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. नळाच्या आवाजातही मला ऐकू आलं. ती रडत होती.

डबा लावला तर रडायचं काय? मी दारापर्यंत गेलो, तसाच परत आलो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सुरुचीचा फोन. आईने तिला सांगितलेलं दिसतं.

"बाबा, तुम्ही डबा का लावलात?"

"मग काय चार दिवस उपास करू?"

"तुम्हाला आईबरोबर जायचं नाहीये का?"

मी म्हणालो, "मला कुणी बोलावलंय?"

मग ती म्हणाली, "धन्य आहात तुम्ही दोघं. मी मध्ये पडणार नाही. लहान नाही आहात." आणि फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना सरळ काही बोलायला नको.

दोघं म्हणजे? कुसुमने काय केलं?

शनिवार, २९ नोव्हेंबर

परवा ती जाणार. आज सकाळपासून बॅग भरणं चाललं होतं. मी पेपर उघडून बसलो होतो, एक अक्षर वाचलं नाही. ती आली की पान उलटायचो.

अकराच्या सुमारास फोन वाजला. निशा.

"काका, सुताराकडून खाटा आल्या आत्ता. तुमची खिडकीपाशी टाकू की दाराजवळ? काकू म्हणाल्या, तुम्हालाच विचार."

मी म्हटलं, माझी कसली खाट?

"अहो, खोलीतली. काकूंची नेहमीच्या मापाची आहे, पण तुमची लांब करून घ्यायची होती म्हणून उशीर झाला. काकूंनी दसऱ्यालाच सांगून ठेवलं होतं. काका उंच आहेत, साध्या खाटेवर पाय बाहेर येतात आणि मग झोप लागत नाही त्यांना. तिथे राहायचं असेल तर खाट लांब पाहिजे, नाही तर मी कामच घेणार नाही, असं म्हणाल्या होत्या. तर, खिडकी?"

"खिडकी," मी म्हणालो.

दसऱ्याला. म्हणजे मी तळं पाहिलंही नव्हतं तेव्हा. म्हणजे भाऊबीजेला तिने हळू आवाजात 'तुम्ही काय करणार' विचारलं, तेव्हा ती खाट सुताराकडे होती. आणि मी म्हणालो होतो, मी मजेत राहीन.

उठून आत गेलो. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारात उभा राहिलो.

"निशाचा फोन होता."

"कळलं."

"मला बोलावलं का नाहीस?"

तिने हातातली साडी खाली ठेवली. "नवऱ्याला अक्षत द्यायला यायचं होतं का मी? घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं? मी विचारलं तुम्हाला, काय करणार म्हणून. एकदा तरी म्हणालात, मी येतो? आधी परवानगी दिलीत. मग डबा लावलात. मला वाटलं, मी कधी जाते याचीच वाट बघताय. मग ओढून कशाला न्यायचं?"

"मला वाटलं, तुला माझी गरज नाही. त्या दिवशी बोट तू एकटीने आणलीस."

"एकटीने?" ती खरोखर चिडली. "तुम्ही पुढे बसला होतात म्हणून आणली. एकटी असते तर त्या वाऱ्यात मी उतरले तरी असते का? मलाही भीती वाटत होती. तुमची पाठ दिसत होती समोर, तिच्याकडे बघून हात चालवत होते."

हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी तर डोळे मिटून बसलो होतो. त्या पाठीत तिला काय दिसलं असेल? पण हे विचारत बसलो असतो तर मुख्य ते पुन्हा राहून गेलं असतं आणि परवा ती निघून गेली असती. म्हणून जे पोटात होतं ते बोलून टाकलं.

म्हणालो, "कुसुम, मला इथे एकट्याला राहायचं नाही. चार दिवस नाही, एक दिवससुद्धा नाही."

मग मी जन्मात कुणाकडे केली नव्हती ती गोष्ट केली. न बोलावता विचारलं.

"मी येऊ का?"

"या," ती म्हणाली, आणि पलंगावरचे कपडे सरकवून मला जागा केली.

मी बसलो. ती पुन्हा रडत होती. का, ते या वेळी विचारलं नाही. मीही रडत होतो.